टेबलावरचे मिरज जंक्शन

दिवाळी चार दिवसांवर आली की वाड्यांच्या अंगणांत, आणि जेथे वाडे उरले नाहीत तेथे इमारतींच्या जिन्याखाली, मुलांचा किल्ला उभा राहू लागतो. दगडविटांचा सांगाडा, त्यावर जुने तरट, तरटावर मातीचा गिलावा, हळीव किंवा मोहरी पेरून आणलेली हिरवळ, आणि माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवछत्रपती. पायथ्याच्या गुहेत बसविलेला वाघ कित्येकदा महाराजांच्या दुप्पट असतो, हा भाग निराळा. प्रमाणाचा तेवढा दोष सोडला, तर पाश्चात्य देशांत ज्यास डायोरामा म्हणतात ती वस्तू आपली मुले दरसाल कोणी न शिकविता करीत असतात. चैत्रगौरीची आरास आणि गणपतीपुढील देखावेही याच कुळातले.

लहान वस्तूंतून मोठी सृष्टी उभी करण्याची ही हौस आपल्याकडे पुरातन आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीसाठी रडतो, मातीची गाडी नको म्हणतो, आणि वसंतसेना आपले अलंकार काढून ती मातीची गाडी भरून देते. नाटकास नाव मिळाले ते नायकाचे नव्हे, नायिकेचेही नव्हे. खेळण्यातल्या मातीच्या गाडीचे मिळाले. ते नाटक मराठी रंगभूमीवर आणणारे गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीजवळच्या हरिपूरचे, हे या भागातील वाचकांस सांगावयास नकोच.

मातीची गाडी जाऊन आगगाडी आली, तेव्हा खेळण्यांतही आगगाडी आली. जर्मनीतील मेर्कलिन या कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत रुळांसह चालणारी खेळण्यातील गाडी मांडली आणि रुळांमधील अंतरांची ठराविक मापे घालून दिली. इंग्लंडात फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० पासून किल्लीच्या गाड्या विकावयास आरंभ केला. आपल्या ओळखीच्या घराण्यांपैकी ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची चांदीची गाडी प्रसिद्धच आहे. जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या मेजावर ती पाहुण्यांपुढून पेयपात्रे घेऊन फिरे. त्या शिंद्यांचे मूळ गाव कण्हेरखेड हे सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यात आहे, आणि पुणे–मिरज लोहमार्ग त्याच मुलखातून गेला आहे.

सामान्य गृहस्थाने ही विद्या केवढ्या थरास नेता येते ते पाहावयाचे असेल तर पुण्यास कोथरुडात जावे. तेथील भाऊ जोशी यांनी आपल्या हौसेतून उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांस खुले झाले. वाफेच्या इंजिनापासून पुढच्या काळातील गाड्यांपर्यंत अनेक प्रकार एका नगरात फिरतात; त्या नगरात सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे, रात्र पडते आणि दिवे लागतात. मुलांस घेऊन जावे असे ते स्थळ आहे. तथापि तेथील नगर मुख्यतः युरोपीय वळणाचे आहे. ते पाहून परतताना मनात प्रश्न येतो, की आपला सह्याद्री, आपला फलाट, आपली कृष्णाकाठची उसाची शेते टेबलावर केव्हा येणार? प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आहे.

कारण सातारा-सांगलीच्या लोहमार्गाचा इतिहास सामान्य नाही. सदर्न मराठा रेल्वेने पुण्याहून लोंढ्याकडे जो मीटरगेज मार्ग नेला तो १८९० च्या सुमारास पुरा झाला. साताऱ्यास जाणारा उतारू त्या काळी सातारा रोडास उतरून पुढे टांग्याने अथवा मोटारीने जाई. १८९१ मध्ये मिरज–कोल्हापूर फाटा झाला, १९०७ मध्ये सांगली संस्थानचा फाटा झाला. या मार्गाच्या कडेस १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने माळरानावर कारखाना वसविला आणि कुंडल रोड स्टेशनाचे पुढे किर्लोस्करवाडी झाले. तिकडून बार्शी लाइट रेल्वे आली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअराने अडीच फुटी रुळांवर, प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये अशा हिशेबाने ती आखली होती. १८९७ मध्ये बार्शीपुरती सुरू झालेली ही गाडी १९०६ मध्ये पंढरपूरास, १९११ मध्ये लातुरास आणि १९२७ मध्ये मिरजेस पोहोचली.

पुढे १९७१ साली पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला, आणि मिरज स्टेशनास एक दुर्मिळ मान मिळाला. पुण्याकडची गाडी १६७६ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर, बेळगावाकडची १००० मिलिमीटरच्या रुळांवर आणि पंढरपूरची ७६२ मिलिमीटरच्या रुळांवर, अशा तिन्ही मापांच्या गाड्या एकाच स्टेशनात उभ्या राहत. नवरात्रात कोल्हापूरचा, आषाढी-कार्तिकीस पंढरीचा आणि एरवी व्यापारउदिमाचा उतारू तेथे गाठोडी घेऊन एका गाडीतून दुसरीत चढे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बेळगाव बाजूचा मीटरगेज गेला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पंढरपूरची लहान गाडीही थांबली आणि २०१० च्या सुमारास तेथे मोठे रूळ आले. प्रवास सुखाचा झाला, वेळ वाचला, माल जलद जाऊ लागला. याबद्दल तक्रार करणारा मूर्ख ठरेल. परंतु आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव या स्टेशनांवरची ती लहान गाडी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिली, तीत बसून जे वारीस गेले, ती मंडळी आता वृद्ध होत आहेत. आणखी वीस वर्षांनी टाकी कोठे होती, दिवे कोणत्या आकाराचे होते, तिकिटाची खिडकी फलाटाच्या कोणत्या अंगास होती, हे विचारावयाचे कोणास?

या बाबतीत इंग्लंडचे उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारे आहे. त्याच कॅलथ्रॉपने, तेवढ्याच अडीच फुटी रुळांवर, लीक अँड मॅनिफोल्ड नावाची आठ-साडेआठ मैलांची रेल्वे १९०४ साली तेथे सुरू करून दिली. ती १९३४ मध्ये बंद पडली. अवघी तीस वर्षे चालली. तरी तिची प्रतिकृती करणारे हौशी लोक तेथे आहेत. आमची बार्शीची रेल्वे दोनशे मैलांची, शंभर वर्षांहून अधिक चाललेली, लक्षावधी वारकऱ्यांस विठोबाच्या पायांशी नेणारी. आणि तिची एक फलाटभर प्रतिकृतीही आमच्या घरांत दिसू नये! ऑक्सफर्डशायरातील पेंडन येथे रॉय इंग्लंड या गृहस्थांनी, खेड्यांतील जुनी शाकारलेली घरे डोळ्यांदेखत नाहीशी होत आहेत हे पाहून, एकेक घर मोजून त्याची लहान प्रतिकृती करण्याचा नाद घेतला. त्यातून १९५४ साली एक संग्रहालय उभे राहिले. आज तेथे १९३० च्या आगेमागेचे सबंध खोरे, रेल्वेसह, पाहावयास मिळते. खेळ म्हणून आरंभिलेली गोष्ट त्या मुलखाचे दप्तर होऊन बसली.

तर आता कृतीकडे वळू. पहिली गोष्ट प्रमाण. जगात सर्वांत रूढ असलेले प्रमाण एकास सत्त्याऐंशी हे आहे; म्हणजे खरी वस्तू जेवढी, तिच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची प्रतिकृती. बाजारात या प्रमाणाचे जे रूळ मिळतात त्यांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर असते, कारण युरोपातील रुळांचे अंतर १४३५ मिलिमीटर आहे. आपले ब्रॉडगेज त्याहून रुंद. १६७६ ला ८७ ने भागले असता सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. तेव्हा तयार रूळ घेतले तर आपली गाडी अरुंद रुळांवर उभी राहिल्यासारखी भासते. मीटरगेजचे उत्तर साडेअकरा येते, आणि परदेशी बारा मिलिमीटरचे रूळ त्यास चालण्यासारखे आहेत. बार्शीच्या गाडीचे उत्तर पावणेनऊ येते, आणि नऊ मिलिमीटरचे रूळ तर सर्रास मिळतात. सारांश, आपल्यापाशी जी सर्वांत लहान आणि सर्वांत जिव्हाळ्याची गाडी, तीच करण्यास सर्वांत सोपी. त्रैराशिक शिकणाऱ्या मुलास याहून गोड गणित कोणते घालावे?

दुसरी गोष्ट जागेची. खरा एक किलोमीटर या प्रमाणात साडेअकरा मीटर होतो. सबंध मिरज जंक्शन मांडू म्हणणाऱ्याने आधी मंगल कार्यालय भाड्याने घ्यावे! म्हणून मोठ्या स्टेशनाचा एक कोपरा घ्यावा, म्हणजे लहान गाडीचा फलाट आणि त्यापलीकडे मोठ्या रुळांची एखादी जोडी. किंवा आडबाजूचे एक छोटे स्टेशन घ्यावे. शंभर मीटरांचा फलाट सव्वा मीटरहून कमी लांबीच्या फळीवर बसतो. अशी फळी कपाटावर ठेवता येते, पलंगाखाली सरकविता येते, आणि घरातील स्त्रीवर्गाचा रोषही ओढवत नाही.

तिसरी गोष्ट काळाची. कोणते साल, कोणता महिना, दिवसाचा कोणता प्रहर, हे आधी ठरवावे आणि मग त्याशी प्रामाणिक राहावे. १९६५ चा मीटरगेज फलाट मांडला तर त्यामागे मोबाइलचा मनोरा दिसता कामा नये. कार्तिकातील उभा ऊस आणि वैशाखातील कोरडी नदी एका फळीवर नांदू शकत नाहीत. सालपे-आदर्कीच्या घाटाचे डोंगर श्रावणात पाचूसारखे आणि फाल्गुनात गव्हाळ असतात. दोहोंपैकी एक निवडावे लागते.

डोंगर करताना एक चूक बहुतेकांकडून होते. परदेशी पुस्तकांतील चित्रे पाहून टोकदार सुळके केले जातात. आपला डोंगर तसा नाही. तो लाव्ह्याच्या आडव्या थरांचा बनलेला. त्याचा माथा सपाट, अंगास पायऱ्या, मध्ये कातळाची उभी पट्टी, तिच्याखाली माती-गवताचा उतार, पुन्हा पट्टी. अजिंक्यताऱ्याकडे साताऱ्याच्या रस्त्यावरून क्षणभर पाहिले तरी हे ध्यानात येते. म्हणून थर्मोकोलाचे अथवा पुठ्ठ्याचे थर एकावर एक रचून, पायऱ्या राखून, वर कागदाच्या लगद्याचा किंवा प्लास्टरचा पातळ हात द्यावा. तरीही शंभर मीटरांचा डोंगर प्रमाणात एक मीटरहून उंच भरतो. तेथे युक्ती करावी लागते. जवळची वस्तू पूर्ण प्रमाणात, मागची किंचित लहान, आणि सर्वांत मागचे डोंगर पुठ्ठ्यावर रंगविलेले, फिके आणि निळसर. लांबची वस्तू जवळच्या रंगाने रंगविली की सारा देखावा कोलमडतो.

साहित्य बहुतेक घरातलेच. रुळांखालच्या खडीचा दगड खरा पाच-सहा सेंटिमीटरांचा. ८७ ने भागला की बारीक रव्याएवढा होतो. परंतु रवा वापरू नये, मुंग्या दुसऱ्या दिवशी फलाटावर येतील. काळ्या दगडाची चाळलेली कच घ्यावी. ती रुळांमध्ये कोरडी पसरून, वर साबणाचा थेंब घातलेल्या पाण्याचा तुषार द्यावा आणि मग निम्मे पाणी घातलेले फेविकॉल थेंबाथेंबाने सोडावे. साबणामुळे ते कणाकणांत झिरपते आणि खडी जागची हलत नाही. वीतभर नव्हे, साडेतीन सेंटिमीटरांचा ऊस तागाच्या धाग्यांचा होतो. लाकडाचा भुसा रंगवून गवत होते. वाळलेल्या फुलोऱ्यांच्या काड्या झाडांस उपयोगी पडतात. काळी माती काळ्या रंगाने कधी रंगवू नये. उन्हात ती राखाडी-तपकिरी दिसते. तसेच काहीही कोरे करकरीत ठेवू नये. स्टेशनाच्या कौलांवर कोळशाची काजळी, टाकीखाली पाण्याचा ओघळ, दारापाशी पायांनी झिजलेली पायरी, या खुणांनी वस्तूस वय येते.

गाडी चालविण्यास बारा व्होल्टचा मंद प्रवाह पुरतो. मुलांच्या हातास तो धोक्याचा नाही. मात्र घरातील वीज उतरवून देणारे यंत्र चांगल्या प्रतीचे घ्यावे आणि ते वडील माणसाच्या देखरेखीखाली असावे. गाडी पळवू नये. ताशी चाळीस किलोमीटर वेगाची गाडी या प्रमाणात सेकंदास अवघे तेरा सेंटिमीटर जावयास हवी. मुलांस हा वेग आरंभी कंटाळवाणा वाटतो. परंतु गाडी सावकाश आली, फलाटाशी थांबली, आणि पुन्हा हलली, की तीच मुले गप्प होऊन पाहू लागतात.

आता छायाचित्राविषयी. डायोरामा आणि छायाचित्र ही एकाच माणसाची अपत्ये आहेत, हे थोड्यांस ठाऊक असेल. लुई दागेर या फ्रेंच चित्रकाराने बूताँ नावाच्या सहकाऱ्यासह १८२२ साली पॅरिसात मोठमोठ्या पडद्यांवर प्रकाशाचा खेळ करून दाखविणारे डायोरामागृह उघडले. १८३९ साली ते आगीत जळाले, आणि त्याच वर्षी दागेरची छायाचित्रकला जगापुढे आली. तेव्हा प्रतिकृतीचे छायाचित्र काढणे म्हणजे दोन भावंडांची गाठ घालून देणे होय.

यात पहिला नियम डोळ्याच्या उंचीचा. साडेपाच फुटी मनुष्य या प्रमाणात एकोणीस मिलिमीटरांचा होतो. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीस, म्हणजे फलाटापासून दीड-दोन सेंटिमीटरांवर आला पाहिजे. वरून काढलेले चित्र घारीचे. फलाटावरून काढलेले चित्र उतारूचे. जॉन एहर्न या इंग्रज हौशाने आपल्या कल्पित खोऱ्याची छायाचित्रे याच दृष्टीने काढली, आणि त्याची ती प्रतिकृतीही पेंडन येथे जतन केलेली आहे. आजच्या मोबाइलचे भिंग बारीक आणि कडेस असल्यामुळे तो उलटा धरून फलाटावर टेकविला तर हे काम सहज होते.

दुसरा नियम प्रकाशाचा. सूर्य एक आहे. म्हणून दिवाही मुख्य असा एकच असावा. दोन दिव्यांनी माणसास दोन सावल्या पडल्या की सोंग उघडे झाले. सकाळचा देखावा असेल तर दिवा खाली व तिरपा, आणि सावलीच्या बाजूस पांढरा कागद उभा करून थोडा उजेड परतवावा. तिसरा नियम स्पष्टतेचा. जवळच्या वस्तूवर भिंग रोखले की मागची पुसट होते, आणि त्या पुसटपणानेच वस्तू खेळण्यातली आहे हे डोळा ओळखतो. उपाय असा, की भिंगाचे छिद्र एफ/१६ पर्यंत लहान करावे, कॅमेरा तिपाईवर ठेवावा आणि प्रकाश आत येण्यास कित्येक सेकंद द्यावे. छिद्र फारच लहान केले तर प्रकाश कडांशी पसरून सारेच चित्र मऊ पडते, हेही ध्यानात असावे. हल्ली संगणकाच्या साहाय्याने पुढचे, मधले, मागचे अशी अनेक चित्रे काढून त्यांतील स्पष्ट भाग जोडता येतात. आणि चित्र घेण्यापूर्वी मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. धुळीचा एक तंतू प्रमाणात दोरखंडाएवढा दिसतो.

असे चित्र साधले म्हणजे पाहणारा काय पाहतो? आपल्या साहित्यशास्त्रात श्रीशंकुकाने चित्रतुरगन्याय सांगितला आहे. चित्रातला घोडा पाहून हा घोडाच आहे असे आपणास वाटत नाही, घोडा नाही असेही वाटत नाही, घोडा आहे की नाही असा संशयही येत नाही, आणि घोड्यासारखे काही आहे असेही आपण म्हणत नाही. या चारांहून निराळी अशी ती प्रतीती असते, आणि नटास राम म्हणून पाहताना प्रेक्षकास तीच होते. टेबलावरच्या स्टेशनाचे चांगले छायाचित्र एखाद्या वृद्ध वारकऱ्याच्या हाती द्यावे. ते खोटे आहे हे तो जाणतो. तरी तो बोट ठेवून म्हणेल, की नळ इकडे नव्हता, तिकडे होता, आणि त्यापुढे चहावाला बसे. पुस्तकात न सापडणारी माहिती त्या बोटामुळे हाती येते. ती तत्काळ वहीत टिपावी, तारीख घालावी, आणि नळ तिकडे हलवावा.

काही सुज्ञ गृहस्थ म्हणतील, की हे सारे श्रीमंतांचे चोचले. परदेशी इंजिने महाग आहेत हे खरे. परंतु देखाव्यास इंजिन अपरिहार्य नाही. गाडी नुकतीच निघून गेलेले स्टेशनही मांडता येते. रूळ, फलाट, घंटा आणि मागे राहिलेली दोन गाठोडी. पुठ्ठा, ताग, कच, डिंक आणि मोकळा वेळ एवढेच भांडवल लागते. दुसरे कोणी म्हणतील, मुलांच्या अभ्यासाचे काय? भागाकार, भूगोल, वीज, इतिहास आणि हातातील स्थिरता या पाच गोष्टी एका फळीवर शिकविणारी दुसरी शाळा आम्हांस ठाऊक नाही.

आणि एकत्र कुटुंबास तर हा नाद विशेष मानवणारा आहे. आजोबांनी आठवावे, वडिलांनी मोजावे, काकांनी तारा जोडाव्या, शिवणकामात हात बसलेल्या आई-काकूंनी तागाचा ऊस लावावा, मुलामुलींनी रंगवावे, आणि ज्याच्याजवळ मोबाइल चांगला त्याने चित्र काढावे. जेथे स्टेशनाची जुनी इमारत अजून उभी आहे, तेथे रेल्वेची परवानगी घेऊन जावे. फूट-फूट अंतरावर पट्टे रंगविलेली एक काठी भिंतीशी उभी करून छायाचित्र घ्यावे, म्हणजे घरी बसून सर्व मापे काढता येतात.

येत्या दिवाळीत अंगणात किल्ला अवश्य व्हावा. परंतु पायथ्याशी, वाघाच्या गुहेपासून थोडे दूर, नऊ मिलिमीटरांचे हातभर रूळ टाकून पाहावेत, आणि शेजारच्या घरातील सर्वांत वृद्ध मनुष्यास बोलावून विचारावे, की पंढरपूरची गाडी मिरजेस कोणत्या बाजूस लागत असे.